पुसलेले खूर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. परवा खातीपुऱ्यात एका ओळखीच्यांकडे बकरीच्या दुधाचा चहा पुढे आला आणि त्या उग्र वासाने मी कप तसाच खाली ठेवला. झालान्याजवळच्या बंद दगडखाणीत मी शिकवायचो त्या कॉलेजने खैर लावले होते, तेव्हा खाणीच्या काठावर राहणारी म्हातारी आम्हाला तसाच चहा पाजायची. खाणीत नीलगाई परतल्या म्हणून मी हौसेने पेढे वाटले, तिलाही दिले. पुढे रोपांचे शेंडे खुडलेले दिसू लागले. वनखात्याचे साहेब पाहणीला येणार त्या सकाळी मी आधी पोचलो, तर ओल्या मातीत नीलगाईचे खूर. जिच्या येण्याचे पेढे वाटले त्या नीलगाईचीच तक्रार कोणत्या तोंडाने करायची? मी बुटाने ठसे पुसले आणि साहेबांना म्हणालो, “बकऱ्या.” तिथेच उभी असलेली म्हातारी हसलीच. “साबजी, मेरी तो खूँटे से बँधी हैं, टेलीफोन से चरीं क्या?” मग माझ्याकडे वळून, “बोलो ना, मास्टरजी.” मी साहेबांना पुढची रोपं दाखवायला घेऊन गेलो. कुंपण आलं, चराई बंद झाली, तिने बकऱ्या विकल्या. आता तिथे खैराखाली तितर फिरतात, लोक माझं कौतुक करतात. ती अजून तिथेच राहते. रोपं नीलगाईंनी खाल्ली होती, एवढं तिच्या दारात चारचौघांसमोर सांगणं माझ्याकडे बाकी आहे.