बूट धुतलेलं पाणी

परवा नातवाच्या शाळेत मैदानावर फक्की मारून रेषा आखत होते. तो कोरडा चुना नाकात गेला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा लातूरचा कप्तान माझ्यासमोर उभा राहिला.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्याच्या पहिल्या फुटबॉल संघाच्या निवडीला मी उदगीरहून गेलो होतो. दुष्काळ होता. घशाला कोरड पडली म्हणून माठाकडे वळलो, तर कप्तान म्हणाला, "हे पाणी टीमचं हाय. तुझं नाव न्हाई त्यात." आणि माझ्यादेखत त्यानं त्याच पाण्यानं आपले बूट धुतले.

मी मामाकडे नांदेडला गेलो, तिथल्या संघात बचावाला उभा राहिलो आणि पुढच्याच हंगामात लातूरशी खेळलो. माझी लाथ जबर, म्हणून थेट फ्री किक मलाच मारायला देत. त्या दिवशी फ्री किक अडवायला गोलसमोर खेळाडूंनी केलेल्या भिंतीत मधोमध तोच कप्तान उभा होता.

"वरनं काढ, भाच्या," मामा मैदानाबाहेरून ओरडला.

मला गोल नकोच होता. मी त्याच्या नाकाचा नेम धरला. भेगाळलेल्या, तापलेल्या मातीवरून धावत आलो, तसं त्यानं तोंड झाकून अंग चोरलं. भिंतीत फट पडली आणि चेंडू तिच्यातून सरळ जाळ्यात गेला.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. "लई भारी नेम, भाच्या," मामा म्हणाला.

त्या गोलची आजही कुणी तारीफ केली, की मला ते धड राहिलेलं नाक आठवतं आणि पाय शिवशिवतो.