चार मात्रांची जागा

कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पहिली शिफ्ट सुटल्यावर काढला तर सुमेधचे नऊ मिस्ड कॉल. सुमेध माझा धाकटा चुलतभाऊ. आमचं दोन महिने बोलणं नव्हतं. आला शेवटी ताळ्यावर, असं म्हणत मी आधी निवांत चहा प्यायलो... ते फोन त्याच्या बहिणीनं त्याच्या मोबाइलवरून केले होते. तापाचं निमित्त होऊन तो सकाळीच गेला होता. सहा आठवडे झाले, तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

वडगाव रासाईला आप्पांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, भीमगीतांची गायन पार्टी. मी ढोलकीवर, सुमेध बेस गिटारवर. पुढे तो पुण्याला जाऊन जॅझमध्ये शिरला आणि एकदा माणसापेक्षा उंच असा लाकडी बेस घेऊन घरी आला. तळेगावच्या बाजारातून परतणाऱ्या कोबीच्या पिकअपमध्ये, आईच्या गोधडीत गुंडाळून. "कपाट हाय व्हय रं?" आप्पांनी विचारलं. त्यानं एक जाड तार छेडली. आप्पा पोटावर हात ठेवून म्हणाले, "ह्ये पोटात वाजतंय." त्यानंतर मुंबई, गोवा, कुठे कुठे वाजवत फिरला, स्वतः रचना करू लागला. सणसवाडीला माझ्या खोलीवर मुक्कामाला आला की जेवतानाही ताटावर बोटं चालूच. मला वैताग यायचा. आता तीच खोली खायला उठते.

त्याच्या पहिल्या अल्बममध्ये आप्पांच्या एका चालीवर बांधलेली रचना होती. ढोलकी दादाचीच, म्हणजे माझीच, हा त्याचा हट्ट. त्यात मधेच चार मात्रा मोकळ्या. आमच्या पार्टीत गायक श्वास घ्यायला थांबला की ढोलकीनं ती जागा भरायची, नाहीतर वादक झोपला म्हणतात. वीस वर्षांची सवय. रेकॉर्डिंगला माझा हात पडलाच. तीनदा.

"दादा, तिथं काय नको ना. लोकांना जरा ऐकू दे."

"काय ऐकू दे? तिथं कायच न्हाई!"

"तेच तर."

त्याच्या बँडमधल्या पुण्याच्या पोरापोरींसमोर त्यानं माझं अडाणीपण दाखवलं असं मला वाटलं. ढोलकी उचलली आणि एसटी धरली. दोन महिने अबोला! कशापायी? चार मात्रांपायी.

पुण्यानुमोदनाला, त्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, त्याचा बँड आला. बेस गोधडीतच उभा होता; बाकीच्यांनी ती रचना घेतली, मी ढोलकीला बसलो. ती जागा आली. मी हात वर धरला... मांडवात आप्पांचा हुंदका तेवढा ऐकू आला. जमलं रे, असं मी मनात म्हणालो.

नंतर सॅक्सोफोन वाजवणारी पोरगी जवळ आली. तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात सुमेधनं पक्कं केलेलं. त्या चार मात्रांत माझी ढोलकी! तिसऱ्या वेळची, रागानं बडवलेली. "आम्ही म्हणत होतो, काढून टाकू," ती म्हणाली, "तर म्हणाला, ऱ्हाऊ दे, दादाला तिथं गप बसवत न्हाई."

बेस आता माझ्या खोलीत, कोपऱ्यात आहे. आप्पांनीच दिला. गोधडी मी सोडलेली नाही. शिफ्टवरून आलो की त्याच्यासमोर ढोलकी घेऊन बसतो. ती जागा आली की हात अधांतरी थांबतो. वाजवू का नको... सांग की रे.