अर्ध्यावर ताट फिरवायचं

आमच्या घरात खाण्याची आवड असलेलं माणूस एकच, आणि ते मी. नवरा रेल्वेत आहे, मालगाडीवर गार्ड. जेवता जेवता त्याला विचारा, भाजी कसली आहे, तर तो आधी ताटात बघतो आणि मग सांगतो. लग्न झालं त्या वर्षी एका रविवारी मी सकाळपासून खपून भरली वांगी केली होती. कारळ्याचं कूट घालून, अगदी तेल सुटेपर्यंत. त्यानं जेवून हात धुतले आणि म्हणाला, "पोट भरलं." बास, एवढंच. त्याची चूक नाही. माणूस गुणी आहे, आणि ड्यूटी अशी की कधी जेवायला मिळेल याचा नेम नाही. पण त्या दिवशी मला ओट्याशी उभं राहून रडू आलं. वांगी खरंच छान झाली होती, आणि तसं म्हणायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून मुलगी झाली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. चला, जेवायला सोबत आली, असं आलं होतं.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. मुलगी त्याच शाळेत शिकली. शनिवारी शाळा सकाळची. साडेअकराला ती दप्तर घेऊन ऑफिसच्या दारात येऊन उभी राहायची, मी कपाटाला कुलूप लावायचे आणि आम्ही बाजाराकडे निघायचो. शनिवार म्हणजे बाहेरगावच्या गाड्यांची रांग आणि चिक्कीच्या दुकानांपुढे ही गर्दी. त्यातून वाट काढत आम्ही आमच्या ठरलेल्या तीन-चार हॉटेलांपैकी एकात शिरायचो. ही पर्यटकांची हॉटेलं नव्हेत, बाजारातली आणि रेल्वेतली माणसं जिथं जेवतात तसली. खाली बाकडी, वर माळ्यावर फॅमिलीसाठी चार टेबलं. नवरा कुठल्यातरी मालगाडीच्या शेपटाला असायचा, पण वेटर आम्हा दोघींनाच फॅमिली म्हणून वर पाठवायचा आणि मला ते फार आवडायचं.

आमचे दोन नियम होते. म्हणजे माझे. एक, दोघींनी एकच पदार्थ कधी मागवायचा नाही. तिला डोसा तर मला मिसळ, तिला थालीपीठ तर मला पावभाजी. दुसरा, अर्ध्यावर ताट फिरवायचं. तिचं माझ्याकडे, माझं तिच्याकडे. माझं एका पदार्थावर भागतच नाही. शेजारच्या टेबलावर काय आलंय हे कळल्याशिवाय मला घास जात नाही, इतकी मी हावरट आहे. लोक बघायचे. एकदा एक ओळखीच्या बाई म्हणाल्यासुद्धा, "अहो, पोरीला उष्टं काय देता?" मी म्हटलं, "आई-लेकीत कसलं आलंय उष्टं!" मला मनापासून वाटायचं की दोन माणसं याहून जवळ येऊच शकत नाहीत. नवऱ्यानं आणि मी कधी एका ताटात खाल्लं नव्हतं.

फिरवायची वेळ अर्थातच मी ठरवायचे. माझं खाणं भरभर. ताटातलं सगळ्यात चांगलं जे असेल ते मी आधी खाते. गरम आहे, तोंडाला पाणी सुटलंय, मग थांबायचं कशाला? डोशातली मधली भाजी पहिल्यांदा आणि कडा मागाहून. माझं अर्धं झालं की मी ताट ढकलायचे आणि तिचं ओढून घ्यायचे. दुसरीपासून बारावीपर्यंत असं चाललं.

मग ती शिकायला पुण्याला गेली, तरी तिथून महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी यायची. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तेही संपलं. पहिले काही शनिवार मी शाळा सुटल्यावर सरळ घरी आले आणि सकाळची पोळी लोणच्याशी खाल्ली. एका शनिवारी मात्र बाजारातून जाताना कांदाभजीचा वास आला आणि पाय वळलेच. वेटर नवा होता. त्यानं विचारलं, "मॅडम, किती जण?"

मी म्हटलं, "दोघी. एक येतेय मागून."

का म्हटलं देव जाणे. तोंडातून निघून गेलं. मग काय, वर बसले, एक थालीपीठ मागवलं, थोड्या वेळानं फोन कानाला लावला आणि वेटरला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "अगं, मग मी जेवून घेते हं." पन्नाशीला आलेली बाई, शाळेत शंभर मुलांना दमात घेणारी, आणि हॉटेलात खोटे फोन करते! तेही एकदा नाही. त्या हॉटेलात केलं, दुसऱ्या हॉटेलात केलं, तिसऱ्यात केलं. शेवटी वेटर विचारेनासे झाले. पाणी आणताना एकच पेला आणायला लागले, तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं माहीत होतं.

खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो मी मुलीला पाठवायचे. तिच्याकडून लाल बदाम यायचा. बदाम घेऊन मी काय करू? मीठ कमी होतं का विचार, चटणी कसली होती विचार. पण ती कामात असायची. मी थालीपीठाचा अर्धा भाग संपवायचे आणि पुढचा अर्धा नुसता पोटात ढकलायचे. थालीपीठ तेच, लोणी तेच. पण चव अर्ध्यावर संपायची. मी फार एकटी पडले होते, आणि हे नवऱ्याला सांगावं तर तो म्हणाला असता, घरी जेवत जा.

गेल्या हिवाळ्यात ती तीन दिवसांसाठी आली. मी आधीच एका पाठकोऱ्या कागदावर यादी करून ठेवली होती, कुठं काय खायचं त्याची. अकरा गोष्टी होत्या. पहिला दिवस ती झोपली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींबरोबर खंडाळ्याला गेली आणि तिथंच जेवून आली. उरलं शनिवारचं दुपारचं एक जेवण, कारण रविवारी सकाळची तिची गाडी. मी यादी बाजूला ठेवली आणि तिला कामशेतला घेऊन गेले. कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मावशींची खानावळ आहे. पत्र्याची शेड, मागं चूल, आणि त्या दिवसांत नव्या इंद्रायणीचा भात. भाताचा वास रस्त्यावरच येतो.

मावशींनी लांबूनच हाक मारली. "या ताई, या. लेक व्हय? लय दिसानं आणलीसा. बसा हितं, पंख्याखाली."

"तू मटण घे," मी मुलीला म्हटलं, "मी गावठी कोंबडी घेते."

ती माझ्याकडे जरा बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

ताटं आली. बाजरीची भाकरी, लाल रस्सा, कांदा, वाफाळणारा भात. मी सुरू झाले. आधी कलेजी, मग तंगडी. मी बोलत होते, ती ऐकत होती. शाळेतल्या नव्या हेडमास्तरांचं सांगितलं, तिच्या बाबांच्या गुडघ्याचं सांगितलं. तीन वर्षांत मी इतकी बोलले नव्हते आणि इतकं चवीनं जेवले नव्हते. माझं अर्धं झालं. मी ताट तिच्याकडे सरकवलं आणि तिच्या ताटाला हात घातला.

तिनं ताटाच्या कडेवर हात ठेवला. "नको, आई."

"का गं? तिखट आहे?"

"नाही. मला हे पूर्ण खायचंय."

मावशी भाकरी घेऊन आल्या होत्या. आमच्या मधोमध अडकलेली दोन ताटं बघून त्या थांबल्या. "काय झालं वो? लेकीला रस्सा न्हाई आवडला व्हय? दुसरा आणू?"

"नाही मावशी, फार छान झालाय," मुलगी म्हणाली. मावशींनी दोघींच्या ताटांत भाकरी टाकली आणि गेल्या.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी माझं ताट ओढून घेतलं. "राहू दे. स्वतः कमवायला लागलं की आईचा हात ताटात नको होतो."

"आई, तसं नाही. तुला हवं तर अजून एक मटण मागवते."

"मला मटण नकोय!" मी म्हटलं, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. मला खरंच मटण नको होतं. पण मग काय हवंय ते सांगता येईना, म्हणून मी तिच्या ताटाकडे बोट दाखवलं. तिनं हाडं चोखून एका बाजूला ठेवली होती, अर्धा रस्सा भाकरीनं टिपून घेतला होता आणि ताटाच्या कडेला मगज भरलेली एक मोठी नळी होती. तिला हातसुद्धा लागला नव्हता. "आणि ती कुणासाठी ठेवलीस मग? माझ्यासाठीच ना? लहानपणापासून ठेवतेस."

तिनं हातातला घास खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "तुझ्यासाठी नव्हते गं ठेवत. मला जे आवडतं ते मी शेवटी खाते."

मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. पालकांना सांगितलं होतं, बहिणीला सांगितलं होतं. माझी मुलगी एवढीशी असल्यापासून चांगला घास आईसाठी राखून ठेवते. डोसा खाते तर कोरड्या कडा खाते आणि मधली भाजी माझ्यासाठी सोडते. पावभाजीतलं लोणी सोडते. दर शनिवारी ताट फिरलं की तिच्या ताटातलं सगळ्यात चांगलं माझ्यासमोर यायचं, आणि माझ्या ताटात मी आधीच चांगलं ते संपवून टाकलेलं असायचं. तिच्याकडे माझ्या कडा जायच्या. तिनं दहा वर्षं माझ्या कडा खाल्ल्या.

"मग सांगायचं नाही का?" मी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"सांगितलं होतं. तिसरीत असेन. तू म्हणालीस, आई-लेकीत काय तुझं आणि माझं? आणि मला खूप हसवलंस." ती भाकरीचा तुकडा मोडत होती. "नंतर नाही सांगितलं. तू शनिवारी इतकी खूश असायचीस. बाकीच्या दिवशी नसायचीस. मला वाटायचं, मी काही बोलले तर आपण जाणारच नाही."

मी ताटातली कांद्याची फोड उचलली आणि परत ठेवली.

"बंगळूरला पहिल्यांदा गेले ना," ती पुढं म्हणाली, "तेव्हा अर्ध्यावर माझा हात थांबायचा. कँटीनमध्ये मुली विचारायच्या, डाएट करतेस का? काय सांगणार? मी आपली ताट समोर ठेवून बसायचे. मग एके दिवशी पुढचं अर्धं खाल्लं. हळूहळू सवय झाली."

तिला सवय झाली होती. मला तीन वर्षांत झाली नव्हती. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? राग आला आणि लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही वाईट एक गोष्ट मनात आली. माझ्या एकटेपणाला आत्ताच सुरुवात झालीय, असं मी धरून चालले होते. पण त्या माळ्यावर, त्या चार टेबलांपैकी एकावर, मी तेव्हाही एकटीच जेवत होते. समोरची आठ वर्षांची मुलगी मला सांभाळून घेत होती.

भात गार होत चालला होता. मी तो रस्स्यात कालवला आणि खाल्ला. काय लागला ते आठवत नाही. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं असेल.

ती शेवटी नळीपाशी आली. उचलली आणि माझ्याकडे धरली. "घे. आज खरंच तुझ्यासाठी."

मला ती हवी होती. माझ्यासारख्या बाईला गरम रस्स्यातली नळी नको असेल असं कुणी समजू नये. शिवाय ती घेतली असती तर सगळं मिटलं असतं. आम्ही हसलो असतो, मावशींना विडा मागितला असता आणि पहिल्यासारख्या घरी गेलो असतो.

"नको," मी म्हटलं. "तू खा."

"नक्की?"

"खा म्हटलं ना."

तिनं नळी ताटाच्या कडेवर दोनदा आपटली आणि तोंडाला लावली. डोळे मिटले. घाई केली नाही. चोखून झाल्यावर आत बघितलं, पुन्हा चोखली, आणि मग बोटं चाटत स्वतःशीच हसली. अगदी माझ्यासारखी हसली. मी समोर हात आवरून बसले होते. इतकी वर्षं एका टेबलावर जेवलो, आणि आवडीचा शेवटचा घास घेताना माझी मुलगी कशी दिसते हे मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती.