शेठच्या गाडीचं पोट
परवा जव्हारच्या नाक्यावर विजेची गाडी आवाज न करता अंगाजवळून गेली आणि मला शेठची काळी, लांब, बसकी गाडी आठवली. त्या शेठकडे मी ठाण्यात बावीस वर्षं ड्रायव्हर होतो. शेठ परदेशी गेला तेव्हा म्हणाला, "दोन दिवस घरी घेऊन जा." ती घेऊन गावी, साखरशेतला आलो, आणि दुसऱ्या सकाळी बायकोचं पोट अचानक भयंकर दुखायला लागलं. जव्हारला जाणारी सकाळची जीप निघून गेली होती. तिला मागच्या गादीवर निजवलं. आत चामड्याचा आणि अत्तराचा वास, बाहेर नागलीची हिरवी शेतं, रस्त्यात नुसते दगड. ती कण्हत म्हणाली, "सावकाश घे. माझं पोट दुखतंय तेवढं पुरे, शेठच्या गाडीचं नको दुखवू." मी मूर्ख, ऐकलं. दगड आला की थांबायचो, गाडी वाचवायचो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "अर्धा तास आधी आणायची." ती संध्याकाळी गेली. तेराव्याला शेठचा फोन आला. मी सगळं सांगितलं, तर म्हणाला, "अरे, घासली असती तर घासली असती! ती मी काढणारच होतो, विजेची बुक केलीय. असल्या गाड्यांना आता कोण विचारतो?" हल्ली कोणाच्याही जीपमध्ये बसलो की मी ओरडतो, "जोरात घे, लागू दे खालून!" माणसं हसतात. हसू देत.