जरा अ‍ॅडजस्ट करा

इंग्रजीने आपल्याला दिलेल्या शब्दांत ‘अ‍ॅडजस्ट’ हा सर्वांत उदात्त शब्द आहे. त्याचं मूळ शोधत गेलं की जुन्या फ्रेंचमधून लॅटिनपर्यंत पोचता येतं, आणि तिथे अर्थ निघतो: जवळ आणणे. पुढे इंग्रज तो घड्याळं आणि यंत्रं जुळवताना वापरू लागले. आपण माणसं सरकवताना वापरतो.

परवा शेजारच्या मुलीचं लग्न होतं. स्टेजवर कुटुंबाचा फोटो निघणार होता. आई गेल्यावर नवरीला वाढवलं ते सुमनमावशींनी. या फोटोसाठी ठेवणीतली जांभळी पैठणी नेसून त्या नवरीला अगदी खेटून उभ्या राहिल्या.

“मावशी, जरा अ‍ॅडजस्ट करा हं, मुलाकडचे यायचेत,” नवरीचे काका म्हणाले. मावशी सरकल्या. मग नवऱ्याची आत्या आली, आत्याचे जावई आले, आणि दर वेळी काकांनी तेच वाक्य तितक्याच गोड आवाजात म्हटलं.

“अरे, आता खाली पडेन की मी,” मावशी हसत म्हणाल्या.

“पडा बिनधास्त, खाली गाद्या आहेत,” जावई म्हणाले. सगळे खदखदून हसले. नवरीने मावशींकडे मान वळवली, तर फोटोग्राफर ओरडला, “मॅडम, समोर बघा!”

हा शब्द कुणी स्वतःला उद्देशून म्हटलेला मी अजून ऐकलेला नाही.

फोटो सुरेख आला आहे. डाव्या कडेला एक जांभळा खांदा येत होता, तो फ्रेममध्ये बसेना म्हणून कापला.