पंचमीला परत येईल

कॅनडाचा नागरिक असलेल्या माझ्या नवऱ्यानं मला तिकडं कायमचं नेण्यासाठी अर्ज केला होता. त्याला वेळ लागणार, म्हणून मी औंढ्यातून तात्पुरत्या व्हिसाचाही अर्ज भरत होते. मी परत येईन याचा पुरावा त्याला जोडायचा होता.

"एका कागदावर कायमची चालली, अन् दुसऱ्यावर परत येऊन राहिली! खरं कोणतं गं?" माझ्या वडिलांनी, दादांनी विचारलं.

"दोन्ही खरं, दादा. पण साहेबाला पटलं पाहिजे. न्हाई तर वर्षभर आमची भेट न्हाई."

दादांनी चष्मा लावून स्वतः पत्र लिहिलं : 'आमच्यात लेक पंचमीला माहेरी येते. तिला आणायला मुराळी म्हणून मी जातीनं येईन. आपण काळजी करू नये.'

"अन् तुमच्या व्हिसाचं काय?" मला हसू आवरेना.

"मुराळ्याला कोण अडवतं?"

पत्राचं भाषांतर करून जोडलं. व्हिसा मिळाला, आणि पंचमीला मी परतलेही. इस्त्रीचा सदरा घालून दादा नांदेडच्या स्टेशनावर मुराळी होऊन उभे होते.

आता कायमचा परवाना आला आहे आणि दादा नाहीत. परत येण्याचा पुरावा कुणी मागत नाही. पंचमीचं तिकीट मात्र मी काढून ठेवलं आहे.