पहिलीचा विसावा विद्यार्थी

पहिली इयत्ता हेच माणसाचे पुरते शिक्षण असून पुढचे सगळे वर्ग सरकारने पोरांना गुंतवून ठेवायला काढले आहेत, असे मानणारी एकच व्यक्ती साऱ्या मध्य भारतात होती आणि ती माझी सख्खी आत्या होती. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या शाळेत ती पहिलीला शिकवी. रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणे, नाक बाहीला न पुसणे, शंभरापर्यंत मोजणे आणि 'मला येत नाही' हे मान खाली न घालता सांगणे, एवढे ज्याला आले त्याचे जगात कुठेही अडत नाही, असे ती म्हणे. एखादा मोठा अधिकारी तावातावाने बोलताना दिसला की ती माझ्या आईच्या कानाशी लागून सांगे, "ह्यांची पहिली कच्ची राहिली गं."

शाळा सुटली तरी तिचा वर्ग सुटत नसे. खजराण्याच्या गणपतीला एकदा चतुर्थीची ही गर्दी होती. आत्याने नारळाची पिशवी माझ्या हातात दिली, दोन टाळ्या वाजवल्या आणि "चलो, दो-दो की लाइन! चपला जोडीनं ठेवा! अहो भिया, दादा, तुम्ही मागे, मागे!" असे ओरडून पाच मिनिटांत सगळ्या भाविकांना ओळीत लावले. पुजारीबुवा बाहेरून पाणी घेऊन येत होते, तेही गुपचूप ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले. आतोबांची तर बातच सोडा. ते सचिवालयात कारकून होते आणि सरकार हिवाळी राजधानीला, ग्वाल्हेरला, गेले की फायलींबरोबर त्यांनाही जावे लागे. तिकडून ते कार्ड पाठवीत. आत्या ते लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवी. 'अक्षर बरे. मजकूर अपुरा. जेवणाविषयी दोन वाक्ये लिहा.' पुढच्या टपालाने दोन वाक्ये येत. इंदुरात असताना दुसरा चहा हवा असला की आतोबा बोट वर करीत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

तिच्या शिकवण्याला फळ्याची फारशी गरज नव्हती. बेरीज चिंचोक्यांची, वजाबाकी शेंगदाण्यांची. कारण वजा केलेले दाणे खाता येत आणि उत्तर कुणी विसरत नसे. अक्षरे शिकवायला तिने एकदा सगळा वर्ग कोपऱ्यावरच्या हलवायाकडे नेला आणि त्याला कढईत 'ळ' सोडायला लावला. "बाईजी, या तो जलेबी बिगड़ी गी!" तो बिचारा कळवळून म्हणाला. आम्ही ती बिघडलेली जिलबी वाटून खाल्ली. त्याच दिवशी हलवायाच्या पोरीचे, गुलाबचे, नाव आमच्या पटावर लागले. घरी मालवी बोलणारी गुलाब मराठी वर्गात कशी, असे कुणी विचारले, तर आत्या म्हणे, "तिला 'ळ' म्हणता येतो. बस्, हमारी हो गई."

पण अशा भरतीची वेळ आत्यावर का आली होती, ते सांगायला हवे. संस्थान गेले तशी मल्हारगंजातली मराठी घरे नोकऱ्यांमागे पांगू लागली आणि वर्ग विरळ झाला. मी पहिलीत होतो त्याच वर्षी वरून हुकूम आला, की पुढल्या वर्षी पटावर वीस मुले भरली नाहीत, तर मराठी पहिली बंद करून मुले शेजारच्या हिंदी वर्गात बसवावीत. आत्याचा हिंदीवर राग असायचे कारण नव्हते. तिचे निम्मे बोलणे हिंदीतच चाले. तिचा जीव अडकला होता तो पहिलीत. हिंदी पहिलीला मास्तर होतेच. "मला पाचवी देतील रे!" ती माझ्या वडिलांना म्हणाली. काळ्या पाण्यावर निघालेल्या माणसाचा आवाज असाच होत असेल.

मग ती वहीपेन्सिल घेऊन गल्लीगल्लीत हिंडली. कुणाचे मूल पाच वर्षांचे होते, कुणाचे होणार, सगळे लिहून घेतले. एका बारशात तर पाळण्यातल्या बाळाला नीट निरखून "हा सत्तावन्न महिन्यांनी आला तरी चालेल" असे तिने त्याच्या आईला सांगून टाकले. इतके करून पुढल्या वर्षाची नवी मुले भरली एकोणीस. कुणी कितीही मोजली तरी एकोणीसच.

आणि मग वार्षिक परीक्षा आली. गुलाबला वीसपुढे मोजता येत नव्हते आणि 'थ' पाहिला की तिला रडू फुटे. मला सगळे येत होते. आत्याने मला मोजायला सांगितले. मी शंभरापर्यंत मोजले. "पुढे?" आत्या म्हणाली. मी मोजत गेलो. दोनशे झाले, तीनशे झाले. चारशे बाराला मला तहान लागली म्हणून मी पाणी प्यायला उठलो, तर तिने प्रगतिपुस्तकात लिहिले, 'मध्येच सोडतो.' चिमणी काय खाते, या प्रश्नाला मी 'दाणे' म्हणालो. त्यापुढे शेरा पडला, 'किड्यांचा विसर.' निकालाच्या दिवशी सगळा वर्ग पास झाला. गुलाबसुद्धा. हलवाई भर वर्गात पेढ्यांचे ताट घेऊन आला आणि "म्हारी छोरी पास वई गी!" म्हणत नाचला. नापास फक्त मी.

घरी जे झाले ते विचारू नका. "अक्का, हद झाली ही तर! दुसरं कुणी मिळालं नाही तुला?" वडील ओरडले. आई म्हणाली, "वन्सं, अहो, पोरगं पेपर वाचतं!" आत्याने शांतपणे पदर खोचला, "कच्चा आहे," एवढेच म्हणाली आणि निघून गेली. मी उशीत तोंड खुपसून रडलो. मला कशाचे दुःख होते हे आजही पक्के सांगता येईल: 'थ' न येणारी गुलाब दुसरीत गेली होती.

जुलैत इन्स्पेक्टर साहेब पट मोजायला आले. एकोणीस चिमुरडी आणि त्यांच्यात डोके वर काढून बसलेला मी. साहेबांनी वीस मोजले, पण त्यांची नजर माझ्यावर थबकली. काखेतला ताजा पेपर पुढे करून ते म्हणाले, "जरा पढ़ो तो बेटा." दोन महिन्यांचा अपमान माझ्या अंगात भिनलेला. मी खणखणीत आवाजात अख्खी बातमी वाचून दाखवली. आत्याच्या हातातला खडू मोडला.

"बाईजी, ये बच्चा पहली में क्यों है?"

"बहुत कच्चा है, साहब," आत्या म्हणाली. "पाठ करून म्हणतो सगळं."

"आज का अखबार?"

त्या वर्गात 'मला येत नाही' असे मान खाली न घालता सांगायला शिकवणारी ती बाई, पहिल्यांदाच मान खाली घालून उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिले, ओळीने ठेवलेल्या आमच्या चपलांकडे पाहिले, आणि वहीत 'वीस, हाजिर' लिहून पेपर काखेत मारून निघून गेले.

वर्ग तगला. आणखी सहा वर्षे तगला, आणि मग एका जुलैत वहीत अकराच नावे भरली तेव्हा सुटला. आत्याला खरोखरच पाचवी दिली. तिने पाचवीलाही नाके पुसायला शिकवली, पण तिचे मन तिथे रमले नाही. मी चाळिशी उलटल्यावर एकदा तिला भेटायला गेलो. आतोबा जाऊन वर्ष झाले होते आणि ती खूप थकली होती. मी धीर करून विचारले, "आत्या, एकच मूल हवं होतं तुला. गुलाबला वीसपुढे एकही अंक येत नव्हता. तिला ठेवायचं सोडून मला का ठेवलंस?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू माझी पहिली अजून कच्चीच असावी.

"अरे, नापास झालेल्या पोरीला पुन्हा शाळेत कोण धाडतं? दुकानामागे भांडी घासायला बसवली असती तिला. तू काय, तू दुसऱ्या दिवशी रडत का होईना, येणारच होतास." मग म्हणाली, "राग आहे का रे अजून?"

मी नाही म्हणालो. खरे तर थोडा होता. नापास केल्याचा नव्हता, मला विचारले नाही याचा होता. तिने तेव्हा जवळ बसवून एवढे सांगितले असते, तर मी तिच्यासाठी आणखी एकदा हसत नापास झालो असतो.